रामबागेतील दोन अनोळखी सद्गृहस्थांचे आभार

गेल्या शनिवारी सकाळी इंदूरच्या रामबागेत माझी १९९८ सालची गाडी किल्ली फिरवूनही सुरू होईना, तेव्हा आपणहून थांबलेल्या दोन अनोळखी सद्गृहस्थांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. किल्ली किंचित हलवताच डॅशबोर्डवरचे दिवे मालवतात, एवढ्यावरून दोष स्टार्टरचा नसून किल्लीच्या कुलपामागील इग्निशन स्विचचा आहे, हे त्यांनी ओळखले. एक जण छोटी ग्वालटोलीतून नवा स्विच घेऊन आले. तोवर दुसऱ्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून स्टिअरिंगखालचे कव्हर उतरवले होते.

खरे कष्ट पुढेच होते. स्विचचा वरचा स्क्रू आडोशाला असल्याने दिसतच नव्हता. तो त्यांनी पेडलांपाशी उताणे पडून, हातात लहानसा आरसा धरून, बोटभर लांबीच्या पेचकसाने पाव-पाव फेरा देत काढला. जुन्या स्विचचे पितळी कॉन्टॅक्ट जळून काळे पडले होते. नवा बसवताना किल्ली बंद स्थितीत ठेवून स्विचची खाच कुलपाच्या दांडीशी जुळवावी लागते, हेही त्यांनी मला आपुलकीने समजावले.

स्विचच्या किमतीपलीकडे त्यांनी काही घेतले नाही, नावेही सांगितली नाहीत. त्या दुपारी आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी वेळेवर नेता आले, ते केवळ त्यांच्यामुळे.