घरघर बेअरिंगची होती

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "स्पिन सुरू झालं की सगळी बाल्कनी हादरते, आता वॉशिंग मशीन मोडीत काढतो." तेव्हा घाईत होतो, नीट बोलणं झालं नाही. पण तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मोडीत काढू नकोस. गेल्या महिन्यात आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

आबा अंथरुणाला खिळल्यापासून रोज दोन चादरी आणि पंचे निघतात, मशीन बंद ठेवून चालतच नाही. आधी वाटलं, मशीन लेव्हलला नसेल. पाय फिरवून नीट बसवलं. मग पुढच्या झाकणामागचा फिल्टर उघडला. एक रुपयाचं नाणं, आबांच्या बंडीचं बटण आणि केसांचा गुंता निघाला. पाणी भराभर जाऊ लागलं, आवाज मात्र तसाच. सर्व्हिसवाला आला, उभ्याउभ्या ऐकलं आणि म्हणाला, अख्खा ड्रम बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा नव्या मशीनच्या निम्मा होता. काही न उघडता दिलेला हा निकाल मला पटला नाही, अजूनही पटत नाही.

रात्री प्लग काढला, दार उघडलं आणि रिकामा ड्रम हाताने हळू फिरवला. आतून घरघर, जात्यात खडा सापडावा तशी. ड्रमची पुढची कड धरून वर उचलली तर टबच्या, म्हणजे ड्रमभोवती पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या, आत ड्रम खालीवर हलला. मग मागचं पत्र्याचं झाकण काढून पट्टा उतरवला आणि पुन्हा फिरवला. घरघर तशीच, म्हणजे मोटर निर्दोष. टबच्या मागे, मधोमध, गंजाचा तपकिरी ओघळ खाली उतरलेला दिसला तेव्हा बेअरिंग, म्हणजे ड्रमचा दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी, गेल्याची खात्रीच पटली. पाणी अडवणारी रबरी कडी, म्हणजे ऑइल सील, झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गोळ्यांना गंज चढतो.

तुझा टब जोडाचा आहे की चिकटवलेला, ते मात्र आधी बघ. कडेने स्क्रू दिसले तर तो उघडतो. चिकटवलेला असेल तर काम फार अवघड. आमचा स्क्रूचा निघाला. प्रत्येक वायर सोडवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढला, त्यावाचून जोडणी जमली नसती. टबला लावलेली काँक्रीटची वजनं उतरवून मी आणि धाकट्याने टब बाहेर घेतला. एकट्याने उचलू नकोस, कंबर जाईल.

ड्रमच्या मागचा तीन पायांचा आधार ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर पांढरा थर बसला होता, पण पाय शाबूत होते. ब्रशने घासून तडा नाही ना ते नखाने चाचपलं. तडा असता तर बेअरिंग बदलून काहीच उपयोग नव्हता. सील जिथे घासतं तिथली शाफ्टची, म्हणजे ड्रमच्या दांड्याची, बाजूही गुळगुळीत हवी, खाच पडली असेल तर नवं सीलही गळतं.

जुन्या बेअरिंगवर ६२०५ आणि ६२०६ असे आकडे होते. तेच सीलसकट नाना पेठेतून आणले. तुझे वेगळे असू शकतात, म्हणून जुनी काढून सोबत ने. नवी बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, थंडीने किंचित आकसतात आणि सहज बसतात. ठोकताना मात्र बाहेरच्या कडीवरच ठोकायचं. आतल्या कडीवर घाव बसला की तो गोळ्यांवर जातो आणि नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. सीलच्या ओठाला पाण्यात टिकणारं ग्रीस लावलं.

जोडायला दोन रविवार गेले. पहिल्यांदा रिकामं चालवलं तेव्हा ही आणि मी शेजारी उभे होतो. मिनिटाला १००० फेऱ्यांवर गेलं तरी नुसती सू सू. हिने आबांची चादर लगेच आत टाकली.

पावडरही जास्त घालू नकोस. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं जड पाणी येतं, फेस होत नाही म्हणून आपण घालतच राहतो आणि तो सगळा थर आत बसतो.

येत्या रविवारी सकाळी प्लग काढ, ड्रम हाताने फिरव आणि फोन मशीनच्या दाराशी धर. मी ऐकतो. टब उघडायची वेळ आली तर पान्यांचा डबा घेऊन येतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र