रद्द फेऱ्यांचा हिशेब कोण देणार? परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

एसटीच्या आर्थिक स्थितीची श्वेतपत्रिका जून 2025 मध्ये निघाली. संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे राज्याला कळले. ही बाब लपवली नाही, याबद्दल आपल्या खात्याचे आभार. पण या एका आकड्यावरून कोणत्या आगाराने चांगले काम केले आणि कोणी नाही, हे कसे कळणार?

2022 मध्ये 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, 2023 मध्ये महिलांना निम्मे तिकीट. दोन्ही निर्णय चांगलेच. मात्र ते सरकारचे आहेत, तेव्हा सवलतीचे पैसे महामंडळाला दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळायला हवेत. सवलतीची थकबाकी आणि कारभारातली ढिलाई एकाच तोट्यात मिसळली की जाब कोणालाच विचारता येत नाही.

आगाराचा कस प्रामुख्याने उत्पन्न आणि भारमानावर, म्हणजे गाडीतल्या किती जागा भरल्या यावर लागतो. मग गाडी कमी पडली की आगार व्यवस्थापक काय करणार? लांब पल्ल्याची फेरी सोडणार आणि खेड्याची रद्द करणार. आमच्या तालुक्याच्या स्थानकावर संध्याकाळची गाडी लागत नाही, तेव्हा पास गळ्यात अडकवलेल्या शाळेच्या मुली चौकशी खिडकीशी गोळा होतात. आतून उत्तर येते, ‘गाडी कामाला आहे.’ मग कोणाचा तरी बाप मोटारसायकल घेऊन येतो, उरलेल्या मुली वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसतात. दोन-चार वेळा असे झाले की घरचे म्हणतात, शेवटचा तास सोडून ये. मोफत पास हातात असून मुलीचे शिक्षण असे तुटत जाते, आणि आगाराच्या उत्पन्नात त्याची कुठेही नोंद होत नाही. मला याची चीड येते.

म्हणून प्रत्येक आगाराने दर महिन्याला ठरलेल्या किती फेऱ्या सुटल्या, किती वेळेवर सुटल्या, किती आणि का रद्द झाल्या आणि वाटेत किती गाड्या बंद पडल्या, हे स्थानकावरच्या फलकावर लावावे. बढती-बदलीच्या वेळी हेच आकडे पाहावेत. चालक-वाहकांवर मात्र याचे खापर फोडू नये; सुटा भाग नाही म्हणून गाडी कार्यशाळेत उभी असेल, तर तो जाब वरच्यांनी द्यायचा.

वरच्यांनाही मोजमाप हवेच. 5,150 विजेवरच्या गाड्यांचा करार झाला, गाड्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत. 1,310 गाड्या भाड्याने घेण्याचा निर्णय रद्द करावा लागला. संचालक मंडळासमोर तेव्हा कोणती टिपणे होती, कोणी हरकत घेतली, हे लोकांना वाचायला मिळाले पाहिजे. मंडळावर वाहतूक आणि हिशेब जाणणारे स्वतंत्र सदस्य नेमा, व्यवस्थापकीय संचालकांना किमान तीन वर्षे द्या आणि त्यांच्याशी केलेला उद्दिष्टांचा करार विधिमंडळात ठेवा.

सुरुवात फलकापासून करा. त्याला नवा निधी लागत नाही. फेऱ्यांच्या नोंदी आगारात रोज होतातच.

आपली,
एसटीची नेहमीची प्रवासी आणि एका विद्यार्थिनीची आई