सगळ्या मूळपेशी सारख्या नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूळपेशींविषयी, म्हणजेच स्टेम सेलविषयी, आपल्याकडे दोन टोकांचे बोलले जाते. जाहिरातींत त्या हमखास उपचार म्हणून येतात, तर कर्करोगाच्या बातम्यांत रोग पुन्हा उलटवणाऱ्या पेशी म्हणून. मेंदूच्या बाबतीत हा गोंधळ धोक्याचा आहे, म्हणून हे पत्र.

निरोगी मेंदूतील मूळपेशी स्वतःसारखी पेशी निर्माण करते आणि गरजेप्रमाणे चेतापेशी किंवा त्यांना आधार देणाऱ्या पेशीही घडवते. १९९२ मध्ये रेनॉल्ड्स आणि वाइस या शास्त्रज्ञांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या करून वाढवल्या. मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत त्या आढळतात. प्रौढ माणसाच्या मेंदूत नव्या चेतापेशी कितपत तयार होतात, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. या मूळपेशींपैकी बहुतेक बराच काळ निष्क्रिय असतात. भोवतालच्या पेशींकडून संकेत आला की विभागतात आणि काम झाले की थांबतात.

ट्यूमरमधील, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील, मूळपेशींतही यातले पुष्कळ गुण दिसतात. २००४ मध्ये टोरांटो येथील शीला सिंग, पीटर डर्क्स आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या गाठींतील सीडी१३३ हे प्रथिन पृष्ठभागावर असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. अशा अवघ्या शंभर पेशींपासून उंदराच्या मेंदूत मूळ गाठीसारखी गाठ वाढली. ते प्रथिन नसलेल्या लाखभर पेशींनी मात्र ती वाढवली नाही. हेच प्रथिन निरोगी मूळपेशींवरही सापडते, आणि पुढे ते नसलेल्या काही पेशींनीही गाठी निर्माण केल्याचे दिसून आले. त्यामुळे एखाद्या खुणेवरून निरोगी पेशी कोणती आणि रोगट कोणती हे ठरवता येत नाही.

खरा फरक नियंत्रणात आहे. ट्यूमरमधील मूळपेशीच्या जनुकांत व गुणसूत्रांत बिघाड झालेला असतो, वाढ थांबवण्याचे संकेत ती जुमानत नाही आणि तिच्यापासून निपजणाऱ्या पेशी अर्धवटच घडतात. त्यातच, २००६ मधील एका अभ्यासानुसार, किरणोत्साराने डीएनएची झालेली हानी या पेशी गाठीतील इतर पेशींपेक्षा अधिक चांगल्या रीतीने दुरुस्त करतात. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे कर्करोगावरील औषध यांनंतरही बहुतेक रुग्णांत का परततो, याचे एक कारण इथे आहे. रुग्णाच्या नातेवाइकांना हे कुणीतरी शांतपणे बसून समजावून सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते. एरवी उपचारात आपलेच काही चुकले या विचाराने ते खचून जातात.

या दोन पेशींचे नातेही जवळचे असू शकते. कोरियातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले, की ग्लायोब्लास्टोमाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये गाठीतील महत्त्वाचे जनुकीय बदल गाठीपासून दूर, पोकळीलगतच्या वरकरणी निरोगी भागातही अल्प प्रमाणात होते. बिघाडाची सुरुवात तिथल्या पेशींत होऊन पुढे गाठ दुसरीकडे वाढत असावी, असा त्याचा अर्थ लावला गेला.

म्हणूनच ‘नैसर्गिक पेशी आहेत, अपाय होणार नाही’ हे आश्वासन मला अस्वस्थ करते. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया या दुर्मिळ आनुवंशिक आजाराच्या एका इस्रायली मुलाला मॉस्कोत गर्भाच्या मेंदूतील मूळपेशी टोचल्या होत्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी आढळल्या, आणि त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. हा वृत्तांत २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसारख्या मोजक्या आजारांत रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकी सर्व वापर रीतसर चाचणीपुरताच मर्यादित असला पाहिजे. तेव्हा मेंदूच्या आजारावरील अशा उपचाराची बातमी किंवा जाहिरात छापताना तो मान्य उपचार आहे की नोंदणीकृत चाचणी, आणि चाचणी असल्यास रुग्णाकडून पैसे घेतले जातात का, एवढे आपण सोबत अवश्य नमूद करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे