सहा एकर रान आणि चाळीस ताटं

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बार्शीचं आपलं सहा एकर रान शेजारच्या चाळीस मुलांच्या बालगृहासाठी कसायचं ठरवलंत, हे वाचलं. बाबा, सगळ्या रानात ज्वारी पेरायचा तुमचा बेत मला पटत नाही. आधी ताट मोजू, मग रान वाटू.

बालगृहातल्या जेवणाचं माप २०१६ च्या बाल न्याय नियमांत दिलेलं आहे. मुलामागे रोज धान्य ६०० ग्रॅम, डाळ-कडधान्य १२०, पालेभाजी १००, इतर भाजी १३०. लहान पोरं एवढं खात नाहीत, पण हिशेब यावरच धरायचा. चाळीस मुलांना वर्षाला ८७ क्विंटल धान्य लागतं. कोरडवाहू रब्बी ज्वारीला एकरी चार-पाच क्विंटल धरलं, तर नुसत्या धान्याला अठरा ते बावीस एकर हवेत. म्हणून धान्य मळणीच्या दिवसांत, आवक भरपूर असताना विकत घ्या. आपली जमीन ठेवायची ती रोज ताज्या लागणाऱ्या मालासाठी. एकरभर ज्वारी टाकाच, पण ती मुख्यतः कडब्यासाठी.

विकतची ज्वारी दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा. उन्हातून आणली की लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर गार होऊ द्या, मग झाकण लावा. गरम धान्य कोंडलं की आत घाम सुटतो, कडेला बुरशी धरते आणि मागोमाग सोंडे येतात.

दोन एकरांत तूर, तिच्यात मूग. मूग साठ-पासष्ट दिवसांत तयार होतो. सगळ्या शेंगा एकदम काळ्या होण्याची वाट पाहू नका, दोन तोडण्यांत काढा. भाद्रपदाचा पाऊस लागला तर झाडावरच मोड येतात. तूर एकरी पाच क्विंटल आली, तर दोन एकरांच्या दहा क्विंटलची डाळ सात क्विंटलच होते. वर्षाला साडेसतरा लागते, बाकीची विकत. आणखी दोन एकरांत करडई घ्या. घाण्यावर क्विंटलामागे पंचवीस किलो तेल धरा, म्हणजे बालगृहाचं निम्म्याहून जास्त तेल सुटतं आणि पेंड गोठ्यात जाते.

आता भाजी, तिला वीस गुंठे. हे काम सोपं वाटतं आणि इथेच सगळे फसतात. वीस गुंठ्यांत एकाच दिवशी मेथी पेरली, तर महिन्याने पोरं आठ दिवस मेथी खातात आणि पुढचा महिनाभर बटाटा. चाळीस मुलांना रोज चार किलो पालेभाजी हवी. चौरस मीटरला पाऊण-एक किलो धरलं, तर रोज पाच चौरस मीटर कापायचं. मेथीचे तीस दिवस आणि वाफा पुन्हा तयार करायचे दहा, असे चाळीस दिवस धरा. दोनशे चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे पुरतात. अट एकच, दर आठवड्याला एक तुकडा पेरायचा. वाफा मीटरभर रुंद ठेवा, दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि पाय आत पडत नाही. पावसाळ्यात मेथी-कोथिंबीर कुजते, तेव्हा अंबाडी, माठ, राजगिरा. उन्हाळ्यात बांधावरचा शेवगा. राहिलेल्या अठरा गुंठ्यांत वांगी, भेंडी, गवार, भोपळे, पण एका जागी वांग्यामागे टोमॅटो किंवा मिरची नको. तिन्ही एकाच कुळातली, रोग मातीत तसाच राहतो.

आई, तू गोठ्याबद्दल विचारलंस. मुलामागे दीडशे मिली दूध आणि शंभर मिली ताक-दही, म्हणजे रोज साधारण दहा लिटर. दोन म्हशी, दोन गाई ठेवा, पण सगळ्या एकाच वेळी भाकड होणार नाहीत असं वेत धरा. चौघींना रोज ऐंशी किलो हिरवा चारा लागतो. वीस गुंठे नेपिअर गवत, पाणी असेल तर पुरतं. चौघींचं शेण पन्नास किलोच्या आसपास, त्यावर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. शेण आणि पाणी समसमान कालवा, काडीकचरा वेचून टाका, नाहीतर वर साय धरते. गोठा फिनेलने धुतलात तर ते पाणी टाकीकडे जाऊ देऊ नका, आतले जिवाणू मरतात आणि आठ-दहा दिवस गॅस धरत नाही. ज्योत फडफडायला लागली की नळीत पाणी साचलंय असं समजा. सखल जागी तोटी बसवून दर आठवड्याला सोडा. गळती शोधायला साबणाचा फेस लावा, काडी पेटवू नका. एवढ्या गॅसवर चाळीस जणांचा स्वयंपाक होत नाही, हे बालगृहवाल्यांना आधीच सांगा. दूध, चहा आणि फार तर एक भाजी. थंडीत तेवढंही अवघड.

अंड्यांना साठ सुधारित जातीच्या कोंबड्या पुरतात, आठवड्याला चार दिवस एकेक. पिल्लं आठवड्याची झाली की मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस डोळ्यात थेंबाने द्या. ती बर्फातच आणायची आणि फोडली की लगेच संपवायची. उन्हात राहिलेली लस म्हणजे नुसतं पाणी.

मुलं मजूर नाहीत, हे मात्र विसरू नका. दोन वाफे त्यांच्या हौसेला सोडा. विळा, फवारणी आणि विहीर यांच्यापासून लांब ठेवा. रोजचा गडी पगारी हवा आणि त्याचा पगार हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. बहुतेक ठिकाणी तोच विसरतात.

हे सगळं पाण्यावर आहे. बाबा, आपली विहीर वीस फूट व्यासाची, म्हणजे फूटभर पाण्याला जवळजवळ नऊ हजार लिटर. वैशाखात वीस गुंठे भाजीला ठिबकवरही रोज दहा हजार लिटर जातं, गवताला तेवढंच. म्हणजे रोज सव्वादोन फूट. बियाणं घ्यायच्या आधी एक करा. चैत्र संपता संपता मोटर लावून विहीर उपसा, काठावर खूण करा, आणि चोवीस तासांत पाणी किती फूट चढतं ते दोरीने मोजा. असं लागोपाठ तीन दिवस. सव्वादोन फुटांच्या खाली आलं तर आधी गवत कमी करू, भाजी नाही, आणि एक म्हैस कमी घेऊ.

आकडे फोनवर नको, वहीत लिहून ठेवा. आई, परड्यातल्या अंबाडीचं बी यंदा मोडू नकोस.

तुमची लेक