तारीख मंजुरीपत्रावरची, नाव वीजबिलावरचे

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडी बघायला गेलेल्या गिऱ्हाइकाला नागपुरात अजूनही ऐकवले जाते, ‘कर्जावर घ्या, टॅक्समध्ये दीड लाखाची सूट मिळते.’ स्लॅबवर सोलर बसवून देणारेही टॅक्सचा विषय काढतात. प्रत्यक्षात आज नवे कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला ही वजावट मिळत नाही. घरगुती सोलरला आयकरात वेगळी वजावट नाहीच; तिथे असते ती सबसिडी. बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर हे कळले तर काय उपयोग?

गाडीसंबंधीचे कलम ८०ईईबी २०१९ मध्ये आयकर कायद्यात आले. कर्जाच्या व्याजापोटी वर्षाला जास्तीत जास्त १,५०,००० रुपये उत्पन्नातून वजा करता येतात, पण कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेले हवे. बुकिंग कधी केले, आरटीओत नोंदणी कधी झाली, पहिला हप्ता कधी गेला, याला इथे महत्त्व नाही. मंजुरीपत्रावरची तारीख तेवढी बघतात. कर्ज मार्च २०२३ मध्ये मंजूर झाले आणि गाडी जूनमध्ये दारात आली, तरी कर्ज फिटेपर्यंत वजावट चालू राहते. मंजुरी एप्रिलची असेल, तर काहीच नाही. म्हणूनच अशा जुन्या कर्जदारांनी कमी व्याजाच्या मोहाने कर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याआधी दोनदा विचार करावा. नव्या मंजुरीवर नवी तारीख पडते आणि वजावटीवर प्रश्न उभा राहतो.

ही सूट करातून नाही, उत्पन्नातून आहे, हेही नीट सांगितले जात नाही. पूर्ण दीड लाख व्याज भरणाऱ्याचे ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ४६,८०० रुपये वाचतात, २० टक्क्यांच्या टप्प्यात ३१,२००. तेही जुन्या करप्रणालीत. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०ईईबी नाही. जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीच्या आत भरून ती निवडावी लागते. मुदत टळली की त्या वर्षाची वजावट गेली. वजावट व्यक्तीलाच आहे, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) किंवा कंपनीला नाही. कर्जही बँकेचे किंवा कायद्यात बसणाऱ्या वित्तसंस्थेचे हवे. मेहुण्याकडून किंवा पतपेढीतून उचललेले पैसे चालत नाहीत.

गाडीची व्याख्याही कडक आहे. ती फक्त विजेच्या मोटरवर आणि गाडीतल्याच बॅटरीवर चालली पाहिजे, शिवाय ब्रेक दाबताना ऊर्जा परत बॅटरीत भरणारी यंत्रणा तिच्यात हवी. त्यामुळे हायब्रिड कार बाद. कमी वेगाच्या स्वस्त स्कूटरमध्येही ही यंत्रणा आहे का, ते माहितीपत्रकात तपासून घ्यावे. विवरणपत्रात आता बँकेचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, शिल्लक कर्ज आणि गाडीचा नोंदणी क्रमांक भरावा लागतो. अंदाजाने आकडा टाकून निभावण्याचे दिवस गेले.

आता सोलर. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० रुपये मिळतात. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, रक्कम तेवढीच. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तीच धरतात. पॅनेल आणि त्यांतले सेल दोन्ही भारतात बनलेले हवेत. व्यवहारात त्यांना डीसीआर म्हणतात. कोटेशनमध्ये हा शब्द नसेल आणि भाव फारच उतरता असेल, तर तो संच सबसिडीचा नाही असे समजावे. १० किलोवॅटपर्यंतच्या परिपूर्ण अर्जाला तांत्रिक तपासणीविना मंजुरी गृहीत धरतात आणि मंजूर भार (जोडणीवर मान्य असलेली विजेची मर्यादा) वाढवायचे काम वीज कंपनीचे असते. त्या नावाने कोणी जास्तीचे पैसे मागितले तर नियम दाखवायला सांगा.

अर्ज अडतात ते बहुधा नावावर. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत वीजबिल आजोबांच्या नावावर, घर वडिलांच्या नावावर आणि बँक खाते मुलाचे, हे घरोघरी सापडते. ग्राहक क्रमांक ज्याचा, अर्जही त्याचाच. म्हणून मृत्यूचा दाखला, घरटॅक्सची पावती आणि इतर वारसांची संमती जोडून आधी बिलावरचे नाव बदलून घ्यावे, मग अर्जासाठी योजनेचे पोर्टल उघडावे. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारे) लागून संच सुरू झाल्याचा अहवाल आला की बँकेचा तपशील भरायचा असतो. तिथे विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी कोड किंवा धूसर फोटोतला रद्द केलेला धनादेश एवढ्यानेही पैसे लटकतात.

खाली दवाखाना आणि वर राहते घर असेल, तर जोडणी घरगुती आहे की वाणिज्य, ते बघा. सबसिडी घरगुती जोडणीलाच आहे. व्यवसायाच्या पुस्तकात दाखवलेल्या संचावर ४० टक्के घसारा (झिजेपोटी किमतीतली घट खर्चात धरण्याची मुभा) मिळतो, पण त्याचा घरगुती ग्राहकाशी संबंध नाही. विक्रेते ‘सोलरवर टॅक्स वाचतो’ म्हणतात ते बहुतेक या घसाऱ्यावरूनच.

गाडी विकणाऱ्यांनी ८०ईईबीची ओळ कोटेशनवरून काढून टाकावी. विजेच्या गाडीवरचा पाच टक्के जीएसटी मात्र खरा आहे. तो १ ऑगस्ट २०१९ पासून लागू आहे आणि किमतीतच धरलेला असतो. बँकांना एकच विनंती: व्याजाच्या वार्षिक दाखल्यावर कर्ज मंजुरीची तारीखही छापावी. ती नसली की ग्राहकाला चार-पाच वर्षांपूर्वीचे मंजुरीपत्र शोधत शाखेच्या चकरा माराव्या लागतात, आणि तोवर विवरणपत्राची मुदत संपून जाते.

आपला,
एक करसल्लागार
धरमपेठ, नागपूर