माझी रेकॉर्डिंगं ऐकणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने समुपदेशनाच्या सत्राचं तिचं पहिलं रेकॉर्डिंग आणून दिलं. 47 मिनिटांचं. हेडफोन लावून, पेन्सिल घेऊन ऐकायला बसले आणि ते संपायला पावणेदोन तास लागले. थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं, टिपून ठेवायचं. तुमच्याकडे शिकणारे आम्ही सहा जण होतो, मॅडम. तुम्ही दर आठवड्याला सहाही जणांची ऐकायचात. भुसावळहून गाडीने जळगावला यायचं, दिवसभर तास घ्यायचे, परत जाऊन स्वयंपाक आवरायचा आणि मग आमची रेकॉर्डिंगं. त्याचे पैसे तुम्हाला कुणी देत नव्हतं. हे समोर बोलायला लागले की तुम्ही विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते आहे.

एम.ए.ला आम्हाला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासत मनाच्या त्रासावर काम करायची पद्धत, पाठ होती. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांना उदास रुग्णांशी बोलताना मनात चटकन येऊन जाणारे विचार कसे दिसले, प्रसंग, विचार, भावना आणि वागणं यांची साखळी कशी असते, सगळं परीक्षेत भरभरून लिहायचो. पण समोर माणूस बसल्यावर काय करायचं, ते कुणीच दाखवलं नव्हतं. पहिल्या रोल-प्लेमध्ये पोलीस भरतीत तीनदा राहून गेलेला मुलगा तुम्ही झालात. मी दहा मिनिटं बोलले. तुम्ही मान खाली घालून वहीवर रेघा ओढत होतात. चौदा रेघा. "हे तुझे सल्ले. प्रश्न एकच विचारलास, तोही 'बरोबर ना?' असा," म्हणालात. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरी ओट्यावर येणाऱ्याला आधी चहा आणि मग सल्ला, अशीच रीत. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं आणि तुम्ही ते वर्ष दिलंत.

थेरपिस्टचं काम मोजायची बेक यांच्याकडची पट्टी तुम्ही आणलीत. 11 मुद्दे, प्रत्येकाला 0 ते 6 गुण, एकूण 66, आणि 40 किंवा त्याच्या पुढे गेलं की काम जमतंय असं धरायचं. मला पहिल्यांदा 19 मिळाले. तुम्ही आकड्यावर थांबला नाहीत. आज कशावर बोलायचं ते दोघांनी मिळून ठरवलं का, मागच्या आठवड्याचं काम विचारलं का, शेवटी 'आज काय उपयोगाचं वाटलं, काय खटकलं' हे विचारलं का, एकेक मिनिट पुढे मागे करत दाखवलंत.

(पुढे जी माणसं येतात ती ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.)

एका मावशींचं रेकॉर्डिंग मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या होत्या, "आख्खं गाव माले हासस." मी लगेच विचारलं, "याला पुरावा काय?" पदर सावरत त्या एकदम ताठ झाल्या. "पुरावा? मी काय चोरी करेल शे का?" ते ऐकून तुम्ही मला विचारलंत, "पुरावा हा शब्द तुमच्या घरी कोण वापरतं?" कुणीच नाही. तो कोर्टाचा, तहसीलचा शब्द. "मग घरात काय म्हणता?" आम्ही सहा जण विचार करत बसलो आणि शेवटी सापडलं, "कशावरून?" पुढच्या आठवड्यात मी विचारलं, "कशावरून वाटलं, मावशी?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग बोटांवर मोजून म्हणाल्या, दोन घरं हसतात. बाकीच्यांनी तर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला बोलावलं होतं. मी एक शब्दही समजुतीचा बोलले नव्हते.

विचारांची नोंद लिहायला सात रकान्यांचा कागद द्यायचा, असं आम्ही शिकलो होतो. ज्यांचा लिहिण्याशी संबंध नाही त्यांना तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर वापरायला लावलंत. दुधाच्या रतिबाची खूण करतात तशीच, ज्या दिवशी ठरलेलं काम झालं त्या दिवशी एक ठिपका. उदास माणसाला बरं वाटेल तेव्हा तो उठेल अशी वाट न पाहता, छोटं काम आधी करायला लावायचं, हे त्या ठिपक्यांमुळे घरातल्या सासूलाही समजायचं.

छातीत धडधड होऊन 'आता आपण जाणार' असं वाटणाऱ्या माणसांबरोबर काम करण्याआधी तुम्ही आम्हालाच एक मिनिट जोरजोरात श्वास घ्यायला लावलात. (दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तिने बसून राहायचं, हे आधी विचारूनच.) बोटांना मुंग्या आल्या, डोकं गरगरलं, माझे तर हात थरथरले. मग तुम्ही समजावलंत की भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच हे सगळं होतं. ते मी पुस्तकात वाचलं होतंच, पण अंगावर घेतल्यावर मला त्या माणसाची भीती खोटी वाटेनाशी झाली.

आणि कर्जाचं. आमच्यातल्या एकाने कपाशी गेलेल्या शेतकऱ्याला "तुम्ही फार टोकाचा विचार करताय" असं म्हटलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "त्याचं पासबुक पाहिलंस का? कर्ज फिटणार नाही हा विचार खराच असू शकतो. 'माझ्यामुळे सगळं बुडालं', 'मी नसलो तर घर सुटेल', तिथे थांब आणि विचार." सीबीटी म्हणजे सकारात्मक विचार करायला सांगणं, असं अजूनही लोक मला म्हणतात. दरवेळी मला तो दिवस आठवतो. जे खरं आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्यावर मार्ग शोधायला सोबत बसायचं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तुम्हालाही आठवत असेल. पीएचक्यू-9 या उदासी मोजायच्या प्रश्नावलीत नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये मी आठ विचारले आणि नववा गिळला. समोर माझ्या वडिलांच्या वयाचे काका होते आणि विचारलं तर तो विचार मीच त्यांच्या डोक्यात घालेन, अशी मला भीती वाटली. रात्री साडेनऊला तुमचा फोन आला. रागावला नाहीत. एवढंच म्हणालात, "विचारल्याने तो विचार येत नाही. न विचारल्याने माणूस त्याच्यासोबत एकटा राहतो. उद्या नाही, आत्ता फोन कर. मी दुसऱ्या फोनवर आहे." मी विचारलं. सरळ, सोप्या शब्दांत. काका आधी रडले, मग म्हणाले की हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्याच रात्री त्यांच्या परवानगीने मुलाशी बोललो, फवारणीचं औषध घरातून हलवून भावकीत कुलपात ठेवलं, कुणीतरी त्यांच्या सोबत राहिलं आणि सकाळी ते मुलाबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. आज टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तरी आहे, तेव्हा तोही नव्हता. तुम्ही होतात, कारण आम्ही काय बोललो एवढंच नाही, काय बोललो नाही तेही तुम्ही ऐकत होतात.

काका आजही वर्षातून एकदा फोन करतात. शेताचं सांगतात, नातीचं सांगतात. त्यांना तुमचं नावही माहीत नाही, मॅडम.

एम.ए. झाल्यावर लगेच पाटी लावायची नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितलंत की घरच्यांचा दबाव असूनही मी पुढचं शिक्षण घेतलं. त्याचेही आभार.

त्या मुलीच्या रेकॉर्डिंगवर मी अकरा रेघा ओढल्या. नववा प्रश्न तिने विचारला होता. आवाज कापत होता, पण विचारला. ते ऐकताना मला हुंदका आवरला नाही.

यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे या. आई खापरावरचे मांडे करणार आहे, आमरस आहे, आणि तिला तुम्हाला एकदा पाहायचंच आहे. गाडीने आलात तर मी अमळनेर स्टेशनवर घ्यायला येते.

तुमची विद्यार्थिनी