तक्रार: ‘केनिया ट्री’ म्हणून पाठवलेले सॉफ्ट कोरल प्रत्यक्षात डेन्ड्रोनेफ्थिया

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या नावाने विकलेल्या कोरलचे पैसे परत मिळणे व संकेतस्थळावरील माहिती दुरुस्त करणे

महोदय/महोदया,

‘केनिया ट्री, कमी उजेडात चालते, नवशिक्यांसाठी सोपे’ या वर्णनावर भरवसा ठेवून आपल्याकडून घरच्या मत्स्यालयासाठी सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, मागवले होते. आलेला प्राणी केनिया ट्री, म्हणजे कॅपनेला, नाही. तो डेन्ड्रोनेफ्थिया हे दुसरे सॉफ्ट कोरल आहे. दोघांचे कूळ जवळचे आणि दोघे झाडासारखे फांद्या फुटलेले, त्यामुळे निळ्या एलईडीखाली लांबून काढलेल्या फोटोत गफलत होऊ शकते. पॅक करताना जवळून बघणाऱ्याची होता कामा नये.

कॅपनेलाचे खोड चिवट आणि अपारदर्शक असते, रंग बहुधा करडा किंवा तपकिरी, कारण त्याच्या अंगात झूझँथेली हे सूक्ष्म, उजेडावर अन्न बनवणारे शैवाल राहते. आलेल्या कोरलचे खोड पाण्याने फुगले की आरपार दिसते आणि आतले चुन्याचे काटे नुसत्या डोळ्यांना सुयांसारखे दिसतात. पॉलिप, म्हणजे कोरलची फुलासारखी इवली तोंडे, लालसर गुलाबी असून गुच्छांत आहेत. प्रत्येक पॉलिपला मागून आधार देणारे लांब काटे त्याच्या डोक्यावरून बाहेर आले आहेत, त्यामुळे कोरल आकसले की गुच्छ बोटाला टोचतात. याच खुणेमुळे दिसायला जवळचे असलेले स्क्लेरोनेफ्थिया हे तिसरे सॉफ्ट कोरलही बाद होते. त्याच्या पॉलिपमागे काट्यांचा असा आधार नसतो.

एवढ्यावर न थांबता स्क्लेराइट, म्हणजे हेच चुन्याचे काटे, सूक्ष्मदर्शकाखालीही तपासले. पद्धत आपल्या कर्मचाऱ्यांना सहज जमेल अशी आहे. फांदीच्या टोकाचा आणि बुडाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा वेगवेगळ्या काचेच्या वाटीत घ्यावा, कारण दोन्हीकडचे काटे वेगळे असतात. त्यावर साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे काही थेंब टाकावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. मांस विरघळले की तळाला कॅल्साइटचे काटे उरतात. ड्रॉपरने ब्लीच काढून ते गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली 40 व 100 पट मोठे करून पाहावेत. व्हिनेगर चुकूनही वापरू नये: आम्लाने काटेच विरघळतात आणि ब्लीचशी संयोग झाला तर क्लोरीन वायू निघतो. नमुना ठेवायचा असेल तर 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. दोन्ही नमुन्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. त्यांत डेन्ड्रोनेफ्थियाशी जुळणारे, लांब, टोकदार, तर्कूच्या (चातीच्या) आकाराचे काटे स्पष्ट दिसतात.

नावाच्या या चुकीचा परिणाम थेट प्राण्याच्या जिवावर होतो. कॅपनेला मध्यम-कमी उजेडात, स्वतःच्या शैवालाने बनवलेल्या अन्नावर बऱ्यापैकी तगते. डेन्ड्रोनेफ्थियाकडे हे शैवाल नसते. तांबड्या समुद्रातील डेन्ड्रोनेफ्थिया हेमप्रिचीवरचा 1995 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्याचे मुख्य अन्न वनस्पती-प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल, आहे. म्हणजे त्याला सतत वाहते पाणी आणि त्या पाण्यात दिवसभर बारीक खाद्य लागते. घरच्या 200 लिटरच्या टँकमध्ये एवढे खाद्य सोडले की नायट्रेट आणि फॉस्फेट चढतात, आणि शेजारच्या कोरलना त्याचा त्रास होतो. खाद्य कमी केले तर ते हळूहळू आकसते, फांद्या गळतात, बूड मऊ पडून दगडापासून सुटते. सडू लागलेला तुकडा वेळेत काढला नाही तर अमोनिया वाढून मासेही धोक्यात येतात.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘उजेड वाढवा, आठवड्यातून दोनदा आर्टेमिया (माशांना देतात ती बारीक कोळंबी) द्या’ असा सल्ला दिला. जो प्राणी उजेडावर जगतच नाही त्याला उजेड वाढवून काहीही मिळत नाही, आणि आर्टेमियाचा घास त्याच्या इवल्या पॉलिपसाठी फार मोठा आहे. हा सल्ला तातडीने बंद करावा. त्या भरवशावर आणखी कोरल मरतील.

अचूक नाव देण्याला कायद्याचीही बाजू आहे. भारतात सर्व गॉर्गोनियन (समुद्रपंखे) आणि ऑर्गन पाइप कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत. ऑर्गन पाइपचे उघडे पॉलिप क्लोव्ह पॉलिप या दुसऱ्या सॉफ्ट कोरलसारखे दिसतात. खालच्या लाल नळ्या पाहिल्या तरच ओळख पटते. बिलावर नुसते ‘सॉफ्ट कोरल’ लिहिलेले असेल तर आपण काय घेतले हे ग्राहकाला कळायला मार्ग नाही.

म्हणून मागण्या अशा. कोरलची व वाहतुकीची पूर्ण रक्कम परत करावी. जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास नकार देता येत नाही, असे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. ‘जिवंत माल परत घेत नाही’ ही आपली अट इथे लागू होत नाही, कारण तक्रार मेलेल्या मालाची नसून चुकीच्या मालाची आहे. संकेतस्थळावर प्रत्येक सॉफ्ट कोरलची किमान प्रजाती (जीनस, उदा. कॅपनेला), शैवाल आहे की नाही, आणि खाद्य काय, हे लिहावे. फोटो पांढऱ्या उजेडातले असावेत: एक पॉलिप उघडे असताना, एक मिटलेले असताना, आणि एक खोडाचा जवळून. याच खेपेतले ‘केनिया ट्री’ इतर ग्राहकांना गेले असेल तर त्यांना आजच कळवावे, कारण उपाशी कोरलच्या हाताशी वेळ थोडा असतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवण्यात येईल.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, कोरलचे उघडे-मिटलेले फोटो, स्क्लेराइटचे फोटो